१२५० अंशांचा फ्यूज कुठे मिळेल?



नाशिकहून सातवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं चार पानी पत्र आहे, आणि शेवटच्या पानावर तिनं चित्रही काढलंय. चित्रात चार कप एकमेकांना बिलगून बसलेत, जणू थंडीत कुडकुडणारी मांजराची पिल्लंच! पण हे कप थंडीमुळे बिलगलेले नाहीत बरं का. ते उष्णतेनं मऊ होऊन एकमेकांना चिकटलेत.

झालं असं. तिची मावशी चिनी मातीचे कप, वाडगे, बरण्या बनवते. ते भाजायला मावशीकडे विजेची भट्टी आहे. आतून पांढऱ्या, हलक्या विटांची, आणि विटांच्या खाचांत तारांची वेटोळी बसवलेली. भट्टी १२२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि मग बंद करायची, हे काम एक छोटं यंत्र करतं. मावशी आकडा लावते आणि झोपायला जाते. त्या रात्री भट्टीनं १२२० चा आकडा गाठला. यंत्रानं "बस!" असा हुकूमही दिला. पण भट्टी थांबलीच नाही! तापतच राहिली. पहाटे मावशीला खोलीत नेहमीपेक्षा जास्त धग जाणवली म्हणून ती धावत गेली आणि तिनं मेन स्विच बंद केला. कुणालाही इजा झाली नाही, हे फार चांगलं झालं. पण कप खाली बसले होते, आणि त्यांच्यावरची झिलई ओघळून कप फळीला कायमचे चिकटले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी विजेच्या सामानाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "मला १२५० अंशांचा थर्मल फ्यूज द्या. म्हणजे भट्टी त्याच्या वर गेली की आपोआप बंद पडेल." दुकानदारानं फ्यूजचा डबाच पुढे ठेवला. त्यात सगळ्यांत मोठा आकडा होता २४०! मावशीनं आणखी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच.

आता आमची मैत्रीण विचारते, "बाई, १२५० अंशांचा फ्यूज मिळतो तरी कुठे? आणि मिळत नसेल तर का मिळत नाही?"

प्रश्न मोठा झकास आहे. चला, आज याचाच शोध घेऊ.

फ्यूज दोन, कामं दोन

घरातला साधा फ्यूज तुम्हांला माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला वितळतार म्हणतात. तारेतून प्रमाणापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ती तार तापते, वितळते आणि वीज बंद होते. आजकाल बऱ्याच घरांत तिच्या जागी एमसीबी असतो. तो खट्‌कन खाली पडतो. काम तेच.

मग मावशीच्या भट्टीच्या वेळी एमसीबी का पडला नाही? तो बिघडला होता का? मुळीच नाही! नीट विचार करा. ती भट्टी समजा ६ किलोवॉटची आहे. २३० व्होल्टवर ती साधारण २६ अँपिअर वीज घेते. संध्याकाळी सहाला २६, रात्री बाराला २६ आणि पहाटे चारलाही तेवढीच. वीज जास्त वाहिलीच नाही. ती फक्त जास्त वेळ वाहिली! एमसीबीला अँपिअर कळतात, भट्टीतली उष्णता कळत नाही. तो बिचारा आपला शहाण्यासारखा उभा होता.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा फ्यूज लागतो. त्याला म्हणतात थर्मल फ्यूज. तारेतून किती वीज जाते याकडे तो फारसं बघत नाही. त्याच्या आजूबाजूला किती गरम आहे, एवढंच तो बघतो. ठरलेल्या अंशापेक्षा जास्त गरम झालं की तो वीज तोडतो, आणि ती कायमची. एकदा गेला की गेला. मग नवा बसवावा लागतो.

हा तुमच्या घरातही लपून बसलेला असतो. केस वाळवायचा ड्रायर, बऱ्याच इस्त्र्या, भात शिजवायचा विजेचा कुकर, अशा वस्तूंच्या पोटात तो असतो. इस्त्रीत आधी थर्मोस्टॅट असतो. तो इस्त्री पुरेशी तापली की वीज बंद करतो आणि निवली की पुन्हा चालू करतो. पण समजा थर्मोस्टॅटच अडकला, तर? तर थर्मल फ्यूज आपला जीव देतो आणि घर वाचवतो.

गव्हाच्या दाण्याएवढा शिपाई

थर्मल फ्यूज दिसायला अगदी किरकोळ. गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची नळी आणि दोन्ही टोकांना एकेक तार. नळीवर बारीक अक्षरांत अंश, अँपिअर आणि व्होल्ट लिहिलेले असतात. पण आत पाहिलंत तर मोठी गंमत आहे.

आत एक छोटीशी गोळी असते. एका विशिष्ट रासायनिक पदार्थाची, औषधाच्या गोळीसारखी दाबून घट्ट केलेली. गोळीला टेकून एक दाबलेली स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगच्या जोरामुळे चांदीचा मुलामा दिलेली एक चकती तारेच्या टोकाला चिकटून राहते, आणि वीज वाहत राहते. पलीकडून एक धाकटी स्प्रिंग चकतीला मागे ढकलायला बघत असते, पण मोठीपुढे तिचं काही चालत नाही. आता उष्णता वाढली. गोळीचा द्रवणांक आला, गोळी वितळली. गोळीचा आधार गेल्यावर मोठी स्प्रिंग सैल पडली. धाकटीनं संधी साधून चकतीला मागे ढकललं. तार सुटली, वीज बंद!

दुसऱ्या जातीच्या थर्मल फ्यूजमध्ये गोळीऐवजी लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा असतो. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. पण कथील, शिसं आणि बिस्मथ हे धातू योग्य प्रमाणात एकत्र वितळवले, तर जो मिश्रधातू तयार होतो तो उकळत्या पाण्यातसुद्धा वितळतो! त्यात कॅडमियमही घातलं तर ७० अंशच पुरतात. प्रत्येक धातूचा स्वतःचा द्रवणांक मोठा, पण मिसळले की लहान. आहे की नाही नवल?

या शिपायाचे पणजोबा

वितळून जीव वाचवणाऱ्या धातूची युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक नावाचा एक इंजिनिअर होता. मोठ्या दाबाच्या वाफेवर चालणारी इंजिनं तो बनवत असे. १८०३ साली लंडनजवळच्या ग्रिनिचला त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि काही कामगार मरण पावले. जास्तीची वाफ बाहेर सोडणारी झडप त्या बॉयलरला होती. पण ती मोकळी नव्हती, अडकवून ठेवलेली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या अपघातानंतर ट्रेव्हिथिकनं बॉयलरला एक जादा राखणदार दिला. आगीच्या वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यात त्यानं शिशाचं बूच बसवलं. बुचावर पाणी असेपर्यंत ते फार तापत नाही. पाण्यानं उष्णता शोषली जाते ना! पण पाणी कमी झालं की बूच उघडं पडतं, शिसं वितळतं आणि त्या भोकातून वाफ खाली आगीवर फुसांडत येते. सगळ्यांना धोका कळतो, आणि बॉयलर फुटायच्या आत आग विझवायला वेळ मिळतो.

हे बूच तुम्ही पाहिलेलंच आहे! कुठे? तुमच्या स्वयंपाकघरात. प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय आणखी एक छोटं बटण असतं. आई त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणते. कुकरमध्ये पाणी उकळतं ते सुमारे १२० अंशांना. कुकरमधलं पाणी आटलं किंवा शिट्टीच्या नळीत डाळ अडकून वाफ कोंडली, की तापमान वाढत जातं, आणि व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट करून देतो. वरण छताला लागतं खरं, पण कुकर फुटत नाही.

मग २४० च्या पुढे का नाही?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. थर्मल फ्यूज साधारण ७० पासून २४० अंशांपर्यंत सहज मिळतात. त्याच्या फार पुढे गाडी जात नाही. त्याची कारणं नळीच्या आतच आहेत.

पहिलं कारण, गोळी. असे रासायनिक पदार्थ फार तापले तर वितळण्याऐवजी करपतात. साखरेचं बघा ना. कढईत साखर तापवली की ती वितळते, पण जरा दुर्लक्ष केलं की काळी ठिक्कर पडते. करपणारी गोळी ठरलेल्या अंशाला गुपचूप वितळेल, याचा भरवसा काय?

दुसरं कारण, स्प्रिंग. फार तापलेल्या पोलादाचा ताठपणा जातो. स्प्रिंग दाबलेलीच राहते, उसळी मारत नाही. म्हणजे दार उघडायची वेळ आली आणि पहारेकरीच बेशुद्ध!

तिसरं कारण, तारा. घरातल्या विजेच्या तारांवर जे प्लॅस्टिक असतं ते साधारण ७० अंशांपर्यंतच चांगलं राहतं. सिलिकॉन रबराचं वेष्टण सुमारे १८० अंशांपर्यंत. तारा जोडायला जे डाख वापरतात, ते कथील आणि शिशाचं डाख १८३ अंशांनाच पातळ होतं. म्हणून जाणकार कारागीर थर्मल फ्यूजच्या तारांना डाख देत नाही. धातूची छोटी नळी बसवून ती पकडीनं दाबतो. डाख द्यायला गेलं तर त्या गरमीनं फ्यूज तिथेच जायचा!

चांदीची तार लावली तर?

तुमच्यातला एखादा हुशार गडी म्हणेल, "बाई, गोळी नको, स्प्रिंग नको. साधी धातूची तार लावू. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला, तांबं १०८५ ला, लोखंड १५३८ ला. हवा तो धातू घ्यायचा!"

शाब्बास! विचार बरोबर दिशेनं चाललाय. सोन्याच्या तारेचा असा उपयोग शास्त्रज्ञ खरोखर करतात. फार मोठं तापमान मोजणारी उपकरणं बरोबर आहेत ना हे तपासायला ते सोन्याचा बारीक तुकडा वितळवतात. तो वितळला त्या क्षणी १०६४ अंश झाले, हे नक्की.

पण भट्टीत रोज वापरायचा फ्यूज म्हणून ही तार टिकत नाही. तांब्याची तार तापलेल्या हवेत काळी पडते, तिचे पापुद्रे निघतात आणि ती वितळण्याआधीच झिजून तुटते. लोखंडाचंही तेच. अ‍ॅल्युमिनियमची तर आणखीच गंमत. ते ६६० अंशांना आतून वितळतं, पण त्याच्यावर ऑक्साइडची पातळ, चिवट साय असते. वितळलेला धातू त्या सालीच्या पिशवीत तसाच लोंबकळत राहतो. म्हणजे वितळला खरा, पण तुटेलच असं नाही. शिवाय तारेतून वीज वाहते तेव्हा तार स्वतःही तापते. मग ती भट्टीमुळे वितळली की विजेमुळे, हे कोण सांगणार?

आणि आमच्या मावशीला हवेत १२५०. त्याच्या जवळ द्रवणांक असलेला, हवेत न झिजणारा आणि खिशाला परवडणारा धातू आणायचा कुठून?

मातीनं दिलेलं उत्तर

आता खरी मजा ऐका. हा प्रश्न धातूवाल्यांनी सोडवला नाही. मातीवाल्यांनी सोडवला!

पूर्वीचे कुंभार भट्टीच्या आतला रंग बघून तापमान ओळखत. आधी मंद लाल, मग चेरीसारखा लाल, मग नारिंगी, मग पिवळा. पण डोळे कधी फसतात. १७८२ साली इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या कारखानदारानं एक युक्ती काढली. माती भाजली की आक्रसते. किती आक्रसली ते मोजलं की भट्टी किती तापली याचा अंदाज येतो.

मग १८८६ साली जर्मनीत हर्मान झेगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्याहून सुंदर काम केलं. बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलीन कारखान्याशी त्याचा संबंध होता. माती, फेल्डस्पार, गारेची भुकटी, चुनखडी हे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यानं छोटे निमुळते सुळके बनवले. त्यांना म्हणतात कोन. प्रत्येक मिश्रणाचा सुळका वेगळ्या तापमानाला मऊ होतो आणि दमलेल्या म्हाताऱ्यासारखा हळूहळू वाकतो. त्याचं टोक खाली टेकलं की समजायचं, भांडी भाजून झाली.

बर्फासारखा तो एकदम वितळत नाही. लाखेसारखा आधी मऊ पडतो. आणि आणखी एक गोष्ट त्याला कळते, जी साध्या तापमापकाला कळत नाही. मंद आचेवर बराच वेळ ठेवलेली भाकरी आणि मोठ्या आचेवर थोडा वेळ ठेवलेली भाकरी, दोन्ही भाजतात ना? तसंच मातीचं. किती तापलं आणि किती वेळ तापलं, या दोन्हींचा हिशेब कोन स्वतःच्या अंगावर मांडतो. कारण तोही मातीचाच आहे! भांड्यांना जे सोसावं लागतं तेच त्यालाही सोसावं लागतं.

आता या कोनाचा फ्यूज कसा करायचा? भट्टीच्या भिंतीतून एक नळी आत जाते. आतल्या टोकाला दोन टेकूंवर मातीचा एक छोटा कोन आडवा ठेवतात. त्याच्या मध्यावर एक दांडा टेकलेला असतो. दांड्याचं दुसरं टोक भट्टीच्या बाहेर येतं आणि तिथे एक वजन अडवून धरतं. ठरलेली उष्णता झाली की कोन वाकतो, दांडा खाली येतो, वजनाची अटक सुटते, वजन धप्पकन पडतं आणि स्विच बंद होतो. झाला की नाही १२२० अंशांचा फ्यूज? इंग्रजीत याला किल्न सिटर म्हणतात. लहान मूल सांभाळणाऱ्या ताईला बेबी सिटर म्हणतात ना, तसा हा भट्टी सांभाळणारा!

यातली युक्ती ओळखलीत का? आगीत गेली आहे ती फक्त माती आणि दांड्याचं टोक. स्विच, स्प्रिंग, तारा हे सगळं बाहेर, थंड जागी. पहारेकऱ्याचं नाक आत आणि हात बाहेर!

दुसरं नाक : थर्मोकपल

आजच्या भट्ट्यांत बहुधा दुसरं नाक असतं. वेगवेगळ्या धातूंच्या दोन तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, तर दुसऱ्या टोकांशी चिमूटभर वीज निर्माण होते. थॉमस झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली हा शोध लावला. अशा जोडीला थर्मोकपल म्हणतात. मातीच्या भट्टीत नेहमी वापरतात त्या जोडीतून हजार अंशांना मिळतात फक्त ४१ मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलमध्ये १५०० मिलिव्होल्ट असतात. म्हणजे किती बारीक कुजबुज ही! पण यंत्राला ती ऐकू येते.

यंत्र स्वतः २६ अँपिअर वीज तोडत नाही. तो भार त्याला पेलणार नाही. ते एका दणकट स्विचला हुकूम देतं. त्या स्विचला कॉन्टॅक्टर म्हणतात. कॉन्टॅक्टरमध्ये विद्युतचुंबक असतो. हुकूम आला की तो धातूचे दोन ठोकळे एकमेकांवर दाबतो, हुकूम थांबला की सोडतो. रात्रभरात शेकडो वेळा खट्‌, खट्‌. प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन एक दिवस ते ठोकळे एकमेकांना वितळून चिकटतात. मग यंत्र कितीही "सोड, सोड" म्हणालं तरी सोडणार कोण? पत्रातल्या वर्णनावरून मावशीच्या भट्टीत असंच घडलेलं दिसतं. नाक शाबूत होतं, हात अडकला होता.

उलटही होऊ शकतं. थर्मोकपल भट्टीतून बाहेर सरकलं तर त्याला थंडच वाटणार, आणि यंत्र म्हणणार, "अजून तापव, अजून तापव!" इथे हात शाबूत, पण नाक फसलं.

तर मावशीला सांगा

मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. १२५० अंशांचा नळीतला थर्मल फ्यूज बाजारात मिळत नाही, आणि तो शोधत फिरायची गरजही नाही. मावशीला हवाय तो एक सुट्टा राखणदार, जो पहिल्यावर अवलंबून नाही.

एक, भट्टीला दुसरा कॉन्टॅक्टर पहिल्याच्या पुढे एका रांगेत बसवायचा. त्याला हुकूम देणारं यंत्र वेगळं आणि त्याचं थर्मोकपलही वेगळं. हे यंत्र समजा १२५० वर लावून ठेवायचं. रोजच्या खट्‌खटीत हा कॉन्टॅक्टर भाग घेत नाही, म्हणून त्याचे ठोकळे झिजत नाहीत. पहिला अडकला की हा तोडतो.

दोन, एक टायमर लावायचा. भट्टीला नेहमी नऊ तास लागत असतील तर साडेनऊ तासांनी काहीही झालं तरी बंद!

तीन, दुकानदाराचा छोटा थर्मल फ्यूजही वाया जात नाही बरं. तो भट्टीच्या आत लावायचा नाही. भट्टीच्या बाजूला तारांचा आणि स्विचांचा जो डबा असतो, त्या डब्यात लावायचा. डबा प्रमाणाबाहेर तापला की तो जाईल. भट्टीची सगळी वीज त्याच्यातून न्यायची नाही, तेवढी त्याला झेपणार नाही. त्या दुसऱ्या कॉन्टॅक्टरला जी चिमूटभर वीज जागं ठेवते, ती त्याच्यातून न्यायची. ती तुटली की मोठा कॉन्टॅक्टर आपोआप सुटतो. छोट्यानं कडी काढली की मोठं दार बंद.

आणि चार, भट्टी संपायच्या वेळेला कुणीतरी माणूस जागं आणि जवळ हवं. वरचे तिन्ही राखणदार असले तरीही! हे सगळं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायला सांग.

"डायरेक्ट" करणारे काका

आता ग्रिनिचच्या बॉयलरची ती झडप आठवा. राखणदार होता, पण त्याला अडकवून ठेवलं होतं. ही सवय अजून गेलेली नाही. इस्त्रीतला थर्मल फ्यूज गेला की कुणी म्हणतं, "कशाला नवा आणताय? दोन तारा जोडून डायरेक्ट करून टाकतो." इस्त्री चालू होते. सगळे खूश होतात. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला की कुणी त्या भोकात स्क्रू घट्ट बसवतं. साधा फ्यूज गेला की कुणी जाड तांब्याची तार गुंडाळतं.

मुलांनो, फ्यूज गेला म्हणजे फ्यूज बिघडला, असं समजू नका. त्यानं त्याचं काम केलं. त्यानं ओरडून सांगितलं, "इथे काहीतरी चुकतंय!" आपण मात्र चूक शोधायची सोडून ओरडणाऱ्याचंच तोंड बांधतो. एकाच महिन्यात कुकरचा व्हॉल्व्ह दोनदा गेला तर व्हॉल्व्हला नावं ठेवू नका. पाणी कमी पडतंय का, शिट्टीची नळी तुंबली आहे का, ते बघा.

पालकांना एक विनंती. व्हॉल्व्ह किंवा थर्मल फ्यूज बदलताना मूळ कंपनीचा आणि त्याच आकड्याचा घ्या. शंभरचा गेला म्हणून दोनशेचा लावू नका. आणि तुमच्यासमोर कुणी "डायरेक्ट करतो" म्हणालं, तर शेजारी उभं असलेलं तुमचं मूल तुमचं उत्तर ऐकत असतं, हे विसरू नका.

करून पाहा

मोठ्या माणसाला सोबत घ्या. स्टीलच्या एका ताटलीत थोडं थोडं अंतर ठेवून चार छोटे ढीग लावा : थिजलेलं खोबरेल तेल, थिजलेलं तूप, मेणबत्तीचं मेण आणि गूळ. (तेल, तूप थिजलेलं नसेल तर आधी फ्रिजमध्ये ठेवा. मेण मोठ्या माणसानं वितळवून ओतावं आणि गोठताना त्यात हरभरा रोवावा.) बाकीच्या ढिगांतही एकेक हरभरा उभा रोवा. आता परातीत मोठ्या माणसाकडून खूप गरम पाणी ओतून घ्या आणि ताटली त्या पाण्यावर अलगद ठेवा. कोणता हरभरा आधी पडतो? कोणता सगळ्यांत शेवटी? कोणता पडतच नाही? क्रम वहीत लिहा. पडणारा प्रत्येक हरभरा म्हणजे तुमचा एकेक थर्मल फ्यूज!

आणि हा एक प्रश्न. मातीच्या कोनांना नंबर असतात. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरतात त्या अमेरिकन पद्धतीत ६ नंबरचा कोन सुमारे १२२० अंशांना वाकतो, आणि ०६ नंबरचा सुमारे १००० अंशांना. म्हणजे पुढे शून्य लावलं की अर्थच बदलला. मग सांगा पाहू, ०५ नंबरचा कोन ०६ च्या आधी वाकेल की नंतर? आणि ५ नंबरचा ६ च्या आधी की नंतर? उत्तर कारणासहित पोस्टकार्डावर लिहून पाठवा. थर्मामीटरवर शून्याच्या खालचे आकडे कसे मांडलेले असतात, ते आठवलंत तर चटकन जमेल.

तुमच्या,
बाई